मानधन की वेतन? : देखभालीच्या श्रमांचे अर्थशास्त्र आणि स्त्रियांच्या प्रेरणांचा प्रश्न

बीजसंज्ञा : देखभालीचे श्रम, वेळ-वापर सर्वेक्षण, मानसेवी कर्मचारी, अंतःप्रेरणा, आशा कार्यकर्ती

प्रस्तावना

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अंगणवाडी सेविकांच्या कामास अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजेच ‘मेस्मा’, लागू केला. विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात या निर्णयास स्थगिती देण्यात आली. या घटनेचा राजकीय भाग बाजूस ठेवला तरी अर्थशास्त्राच्या अभ्यासकास त्यातील एक विसंगती विचार करावयास लावते. ज्या स्त्रियांना शासन ‘मानसेवी’ म्हणते, ज्यांना वेतन न देता ‘मानधन’ देते, त्यांचेच काम थांबले तर ते समाजास परवडणारे नाही, अशी कबुली या आदेशात होती. वस्तू अत्यावश्यक असेल आणि तिचा पुरवठा खंडित होण्याची भीती असेल, तर तिची किंमत वाढावी, असे आपण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितो. येथे तसे का घडत नाही?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. तो करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. देखभालीचे काम स्वस्त का आहे, ही एक. आणि स्त्रिया ते का करतात, ही दुसरी. व्यवहारात मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याचे समर्थन म्हणून पुढे केले जाते. ‘त्या मनापासून करतात, म्हणून’ असे ते उत्तर असते. हे समर्थन कितपत टिकते, हे पाहणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीत ‘केअर वर्क’ या एकाच संज्ञेत जे सामावते त्यास मराठीत एकच शब्द नाही. बाळाचे आपण संगोपन करतो, आजाऱ्याची शुश्रूषा, वृद्धांचा सांभाळ. ‘काळजीवाहू’ हा चांगला शब्द होता. परंतु तो आता बहुधा मुदत संपलेल्या सरकारापुरताच उरला आहे. म्हणून येथे ‘देखभालीचे श्रम’ अशी शब्दयोजना केली आहे. घरातील विनामोबदला काम आणि परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशा, आया यांचे मोबदल्याचे काम या दोहोंचा तीत समावेश आहे.

मोजमापाचा प्रश्न

घरकाम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या घरातील पगारी नोकराणीशी विवाह केला तर काम तेच राहूनही राष्ट्रीय लाभांश घटतो. पुढे मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये ‘तिऱ्हाईताची कसोटी’ मांडली : जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येते ते उत्पादन होय. जेवण दुसऱ्याकडून करवून घेता येते, जेवणे मात्र स्वतःलाच भाग असते. कसोटी इतकी सोपी असूनही राष्ट्रीय लेख्यांनी ती स्वीकारली नाही. १९९३ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार घरासाठी विहिरीवरून पाणी आणणे हे उत्पादन ठरले. त्याच पाण्यात डाळ शिजविणे मात्र नाही. ग्रामीण भागातील स्त्रीच्या दिवसात ही सीमारेषा हंडा जमिनीवर ठेवण्याच्या क्षणी ओलांडली जाते, असे म्हणावे लागेल.

भारतापुरते पाहता, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने हे चित्र प्रथमच देशव्यापी स्वरूपात पुढे आणले. सहा वर्षांवरील ज्या व्यक्तींनी विनामोबदला घरकाम केले, त्यांपैकी स्त्रियांचा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ आले. घरातील व्यक्तींच्या देखभालीसाठी स्त्रिया देत असलेला वेळ याच काळात १३४ वरून १३७ मिनिटांवर गेला. पुरुषांचा ७६ वरून ७५ वर आला. येथे एक दक्षता आवश्यक आहे. ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये घरकामात सहभागी पुरुषांचे प्रमाण अवघे २६.१ टक्के होते, स्त्रियांचे ८१.२ टक्के. वृत्तपत्रांतून ९७ मिनिटांचा आकडा जणू प्रत्येक पुरुषाचा असल्याप्रमाणे छापला जातो, ते योग्य नाही. शिवाय भात शिजत असताना बाळाकडे लक्ष ठेवणे, रात्री आजाऱ्याच्या कण्हण्याकडे कान ठेवून झोपणे, अशी ‘तयारीत असण्याची’ वेळ कोणत्याही प्रश्नावलीत पुरती पकडली जात नाही.

या श्रमांना रुपयांत आकडा लावण्याचे काम आपल्याकडे अर्थशास्त्रज्ञांपेक्षा न्यायालयांनी अधिक केले आहे, आणि तेही संबंधित स्त्रीच्या मृत्यूनंतर. जमशेदपूर येथील १९८९ च्या अग्निदुर्घटनेसंबंधीच्या लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा ३००० रुपये धरले. वयस्क स्त्रियांसाठी ते वर्षाला २०,००० रुपये होते. मोटार वाहन कायद्याच्या अनुसूचीत न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एक-तृतीयांश मानण्याची तरतूद होती. २०१० च्या अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात न्यायालयाने या दृष्टिकोनावर, तसेच जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैदी यांच्यासमवेत अनुत्पादक गटात घालण्यावर, कठोर टीका केली. एक-तृतीयांशाच्या सूत्राचा अर्थ असा होता की, मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याच्या पत्नीची भाकरी शेतमजुराच्या पत्नीच्या भाकरीपेक्षा कित्येक पट महाग ठरावी.

हे काम स्वस्त का राहते?

अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये वेतनभेदांची कारणे सांगताना काम जितके कष्टाचे व अप्रिय तितके त्याचे वेतन अधिक, असे प्रतिपादन केले. या नियमास देखभालीच्या क्षेत्राइतका ठळक अपवाद क्वचितच आढळेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे मलमूत्र काढणे हे काम प्रिय आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही ते करणारी आया रुग्णालयाच्या वेतनक्रमात तळाशी असते. यावर असा युक्तिवाद करण्यात येतो की, सेवेचे समाधान हाच तिच्या मोबदल्याचा एक भाग असल्याने रोख भाग कमी असणे स्वाभाविक आहे. पॉला इंग्लंड, मिशेल बुडिग व नॅन्सी फोल्बर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील आकडेवारीवरून दाखविले की, शिक्षण, अनुभव व इतर घटक विचारात घेतल्यानंतरही देखभालीच्या व्यवसायांत सुमारे पाच ते दहा टक्के कमी वेतन मिळते. समाधानाची किंमत एवढीच असेल तर शल्यविशारदासही समाधान मिळत असतेच. त्याच्या शुल्कातून ते वजा झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे कारण विल्यम बौमोल व विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीताच्या संदर्भात मांडले. कारखान्यात यंत्राने उत्पादकता वाढते, पण चौघांचे वाद्यवृंदवादन दोघांत उरकता येत नाही. बाळाला न्हाऊ घालण्याचेही तसेच आहे. इतर क्षेत्रांतील वेतन वाढत जाते तसे देखभाल सापेक्षतः महाग होते आणि ती पुरविणारी संस्था, मग ते शासन असो वा कुटुंब, खर्च रोखण्यासाठी वेतनावरच हात ठेवते.

तिसरे कारण अधिक मूलभूत आहे. देखभालीचा लाभ ज्यांना होतो ते सर्व तिची किंमत मोजत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची देखभाल सुरू केली. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता, तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. त्यातून वाचलेले मूल उद्या कोणाच्या शेतात, कोणाच्या कारखान्यात काम करील, कर कोणाच्या तिजोरीत भरील, हे सांगता येत नाही. लाभ असा विखुरलेला असतो. श्रम मात्र एकाच स्त्रीचे असतात. फोल्बर यांनी मुलांना ‘सार्वजनिक वस्तू’ म्हटले आहे ते याच अर्थाने. येथे बाजारभाव हा मूल्याचा निकष ठरू शकत नाही.

प्रेरणेचा युक्तिवाद

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अँथनी हेज यांनी २००५ मध्ये आरोग्य-अर्थशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात असा प्रश्न विचारला की, कमी वेतन मिळणारी परिचारिका ही चांगली परिचारिका का असते? त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : काही स्त्रियांना या कामाची आंतरिक ओढ असते, काहींना नसते. वेतन कमी ठेवले तर ओढ असणाऱ्याच येतील. वाढविले तर केवळ पैशासाठी येणाऱ्यांची गर्दी होईल आणि सेवेचा दर्जा घसरेल. म्हणजे कमी वेतन ही एक चाळणी आहे.

युक्तिवाद तर्कशुद्ध दिसतो. आपल्या समाजास तो विशेष पटतो, कारण सेवेचा मोबदला मागणे म्हणजे सेवेस कमीपणा आणणे, हा संस्कार आपल्याकडे जुना आहे. मात्र जुली नेल्सन व फोल्बर यांनी २००६ मध्ये, हेज यांचे शीर्षकच उलटवून, त्यास उत्तर दिले. ओढ आणि गरज या परस्परविरोधी गोष्टी आहेत, हे येथे मुळात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात जिला कामाची ओढ आहे तिलाही घरभाडे द्यावे लागते. वेतन कमी ठेवल्याने जी स्त्री गळून पडते ती ओढ नसलेलीच असेल असे नव्हे. घरात दुसरी मिळकत नसलेली असेल. म्हणजे ही चाळणी सेवाभावाची नसून नवऱ्याच्या पगाराची आहे. विधवा, परित्यक्ता, भूमिहीन कुटुंबातील कर्ती स्त्री या चाळणीतून खाली पडतात, किंवा दुसरा मार्ग नसल्याने त्याच वेतनात अडकून राहतात. दोन्ही प्रसंगी चाळणीने अंतःप्रेरणेविषयी काहीच सांगितलेले नसते.

पैशाने अंतःप्रेरणा मरते, या मताच्या पुष्ट्यर्थ आणखी एक प्रयोग वारंवार उद्धृत केला जातो. उरी ग्नीझी व आल्डो रुस्तिचिनी यांनी इस्रायलमधील हैफा येथील दहा पाळणाघरांत तो केला आणि २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना नेण्यास उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत दंड लावण्यात आला, तेव्हा उशिरा येणारे कमी न होता वाढले. दंड रद्द केल्यानंतरही ते कमी झाले नाहीत. नैतिक बंधनाची जागा किमतीने घेतली, असा त्याचा अर्थ लावण्यात येतो. तो बरोबर आहे. परंतु येथे पैसा पालकांकडून घेतला गेला होता, सांभाळणाऱ्या स्त्रियांना दिला गेला नव्हता. पालकांची वाट पाहत संध्याकाळी थांबून राहिलेल्या त्या शिक्षिकांना अधिक वेतन दिले असते तर त्यांची माया आटली असती, असे या प्रयोगातून निष्पन्न होत नाही. ब्रुनो फ्रे यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो : बाहेरून मिळणारा मोबदला नियंत्रण म्हणून जाणवला तर अंतःप्रेरणा खचते, कदर म्हणून जाणवला तर बळावते. तेव्हा मोबदला किती, याइतकेच तो कोणत्या रूपाने दिला जातो, हेही महत्त्वाचे ठरते.

आशा : प्रत्येक कामाचा दर

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००५ पासून ‘आशा’ ही योजना आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा वा घटस्फोटित, साधारणतः २५ ते ४५ वयाची स्त्री. तिच्या कल्पनेमागे महाराष्ट्राचाही हात आहे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभारलेला ग्रामीण आरोग्यसेविकांचा प्रयोग आणि वर उल्लेखिलेले गडचिरोलीचे काम धोरणकर्त्यांपुढे होते. आशा ही नोकर नव्हे, स्वयंसेविका. दिवसाचे काही तास देणारी. वेतन नाही, कामागणिक प्रोत्साहन भत्ता, अशी तिची मांडणी झाली.

फ्रे यांच्या भेदाच्या कसोटीवर ही रचना तपासून पाहण्यासारखी आहे. नवजात बालकाची गृहभेटीद्वारे देखभाल २०११ मध्ये आशांकडे सोपविण्यात आली तेव्हा दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा भेटी (घरी झाल्यास सात) आणि त्यासाठी एकूण २५० रुपये, असा दर ठरला. भेटीमागे बेचाळीस रुपयेही पडत नव्हते. रकमेपेक्षा अटी अधिक बोलक्या आहेत. बाळाचे वजन नोंदलेले असावे, लसीकरण झालेले असावे, जन्माची नोंद व्हावी आणि माता व बालक दोघेही बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सुखरूप असावीत. शेवटच्या अटीचा शब्दशः अर्थ घेतला तर, चार भेटी देऊन, ताप मोजून, रात्री वाहनाची व्यवस्था करून दवाखान्यात पोहोचविलेले बाळ विसाव्या दिवशी दगावले, तर आशेचे काम झालेच नाही. इतर कोणत्या व्यवसायात मोबदला असा रुग्णाच्या आयुष्याशी बांधलेला असतो?

दरपत्रकाचा दुसरा परिणाम असा की, त्यात नसलेले काम कामच राहत नाही. सुनेला दवाखान्यात न्यावे म्हणून सासूची समजूत घालण्यात गेलेली संध्याकाळ, एकट्या म्हाताऱ्याची जाता-येता केलेली चौकशी, व्यसनी नवऱ्याच्या मारातून सुटून दाराशी आलेली शेजारीण, यांपैकी कशालाच रकाना नाही. आणि नेमके याच कामामुळे गाव तिला दार उघडते. म्हणजे ज्या विश्वासावर रकान्यातील कामे उभी आहेत तो विश्वास फुकट मिळेल, असे धोरणाने गृहीत धरले आहे. येथे मोबदला आहे, पण तो कदरीच्या रूपात नाही, नियंत्रणाच्या रूपात आहे. आणि जी अंतःप्रेरणा पैशाने नासेल अशी भीती घालून वेतन नाकारले जाते, तीच या सुट्या दरांनी खचविली जाते.

तरीही आशा काम सोडून जात नाहीत. यामागे ममता आहे, पण तेवढीच नाही. गावात ‘आशाताई’ म्हणून मिळणारी ओळख, घराबाहेर पडण्याचा मान्य मार्ग, स्वतःच्या खात्यात येणारे थोडेसे पैसे, आणि आज ना उद्या कायम होऊ ही आशा, असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. फोल्बर यांनी अशा अवस्थेस ‘प्रेमाचे बंदी’ म्हटले आहे. ज्याची देखभाल करावयाची त्याच्याविषयी जिव्हाळा निर्माण झाला की काम थांबविण्याची धमकी देणे अशक्य होते. समोरचा पक्ष हे जाणून असतो. संप हे कामगाराचे शस्त्र आहे खरे, परंतु येथे त्याची पहिली इजा मालकाला न होता कुपोषित बालकाला होते. म्हणून या स्त्रिया संपावर जातात तेव्हा ती गोष्ट किती टोकाला गेली असेल, याचा अंदाज करावा. महाराष्ट्रातील आशांनी साथीच्या काळात, जून २०२१ मध्ये, काम थांबविले. अंगणवाडी सेविकांचा ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेला संप जानेवारी २०२४ अखेरपर्यंत चालला. याच दरम्यान, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना आपल्या जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरविले होते. मानधनातील ‘मान’ असा वारंवार मिळतो.

नात्याचे संबोधन

या संदर्भात आपल्या भाषेचीही झडती घ्यावयास हवी. रुग्णालयात ‘सिस्टर’, गावात ‘आशाताई’, अंगणवाडीत ‘ताई’, घरी आजाऱ्यापाशी बसणारी ‘मावशी’. पुरुष सुतार वा नळदुरुस्ती करणारा यांनाही आपण ‘काका’ म्हणतो, पण त्यांचा दर ठरविताना ते नाते मध्ये येत नाही. मावशीशी पैशाचा विषय काढणे मात्र दोन्ही बाजूंना अवघड जाते.

प्रस्तुत लेखिकेस याचा अनुभव स्वतःच्याच घरी आला. आजीच्या अखेरच्या आजारपणात एका ब्युरोमार्फत बारा तासांसाठी एक बाई येत असत. त्यांच्या पगारातून ब्युरो दरमहा आपला हिस्सा कापून घेई. त्यांची स्वतःची लहान मुलगी गावी त्यांच्या आईपाशी होती. आजीचा त्यांच्यावर फार जीव. शेवटी शेवटी तर त्यांच्याच हातचे दूध ती घेई. दिवाळीला आम्ही साडी दिली. पुढच्या महिन्यात त्यांनी पगारवाढ मागितली तेव्हा घरातील सर्वांना, माझ्यासह, कुठेतरी दुखल्यासारखे झाले. ‘घरच्यासारखे वागविले आणि तरी’ असे कोणी तरी म्हणालेही. स्त्रियांच्या श्रमांवर एम. फिल.चा प्रबंध लिहिलेल्या व्यक्तीस त्या वाक्यातील अर्थशास्त्र उमगण्यास काही दिवस लागले. घरच्यासारखे वागविणे म्हणजे घरच्या स्त्रीला जेवढे मिळते तेवढ्यात समाधान मानावयास लावणे.

फोल्बर व नेल्सन यांनी २००० मध्ये ‘प्रेम की पैसा’ या द्वंद्वावर लिहिताना ‘की दोन्ही’ असा तिसरा पर्याय सुचविला होता. त्या बाईंनी पगार मागितला त्या दिवशीही आजीची कूस बदलताना त्यांचा हात तसाच हलका होता.

कायद्याची वाटचाल

कायद्यात मात्र शब्दांची ही कोंडी किंचित फुटू लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कर्नाटक राज्याविरुद्धच्या अमीरबी प्रकरणात अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत, असा निर्णय दिला होता. पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्ये योजनाकर्मींना कामगार मानून किमान वेतन देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु त्याचा रोख नोंदणी व कल्याणलाभ यांवर आहे, वेतनदरावर नाही. २०२४ मध्ये राज्यातील आशांच्या मानधनात दरमहा ५००० रुपयांची वाढ झाली. ही वाढ लक्षणीय होती, तथापि तिचे नावही मानधनवाढ असेच राहिले.

या सर्वांत दूरगामी ठरावा असा निर्णय २५ एप्रिल २०२२ चा आहे. गुजरातमधील मणिबेन भारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू असल्याचे सांगितले आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या व्याख्येनुसार वेतनच होय, असे मानले. सेविकेचे दिवसभराचे काम पाहता ते अर्धवेळ म्हणता येणार नाही, हेही न्यायालयाने नमूद केले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून सत्तेचाळीस वर्षांनी, निदान एका कायद्यापुरते, मानधन व वेतन हे शब्द समानार्थी झाले. निर्णय अंगणवाडीपुरता होता. आशांचा प्रश्न त्या न्यायालयासमोर नव्हता.